दोन चौकोन, एकच डबा

मंगळवार, ४

बैठकीच्या खोलीचा रंग या वेळी घाईत ठरणार नाही. अकरा वर्षांपूर्वी घाई केली आणि त्याची शिक्षा म्हणून अकरा वर्षं पिस्ता रंगाच्या भिंतींत काढली.

सकाळी रंगारी आला. आमच्या इमारतीतल्या सहा घरांचं काम त्याने केलं आहे. चार मजल्यांचा जिनाही त्यालाच द्यायचा असं कमिटीत जवळजवळ ठरलं आहे, फक्त अध्यक्षा म्हणून माझी सही राहिली आहे. म्हणजे आमची खोली ही त्याची परीक्षाच समजायची. माणूस बोलायला फार कमी. कमी बोलणाऱ्यांवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. ज्याला सांगायचं असतं तो बोलतो.

शेड कार्डावर दोन रंगांवर बोट ठेवलं. एक फिका निळा, एक फिका राखाडी. पण कार्डाची छपाई इतकी भिकार की दोन्हींत धड फरक कळेना. हल्ली छापण्याचं कुणालाच काही वाटत नाही, वर्तमानपत्राचा कागदसुद्धा चहात बुडवून काढल्यासारखा येतो. म्हटलं, भिंतीवरच लावून दाखवा.

"दाखवतो," म्हणाला. एवढंच.

बुधवार, ५

खिडकीसमोरच्या भिंतीवर हातभर लांबीरुंदीचे दोन चौकोन शेजारी शेजारी रंगवले. खाली पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्या. डावीकडे 'निळा', उजवीकडे 'राखाडी'.

दोन्ही सारखेच दिसतात.

मी तसं म्हटल्यावर रंगारी आधी भिंतीकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिला. "सारखे?" म्हणाला. या 'सारखे?'मध्ये जे नाटकी आश्चर्य होतं ते मी शाळेत तीस वर्षं पाहिलं आहे. गृहपाठाची वही हरवलेली मुलं नेमकं असंच बघतात.

डबे तो वर ठेवत नाही. जिन्याखालच्या कोठडीत कुलूप लावून ठेवतो. रंगाला कुलूप कशासाठी?

शुक्रवार, ७

चौकोन पूर्ण वाळले. सकाळी पाहिले, दुपारी पाहिले, दिवा लावून पाहिले. एक तसूभर फरक नाही. दोन्ही मळकट, वापरलेल्या खडूच्या भुकटीसारखे. एकच डबा आणला आहे आणि दोन नावांनी लावला आहे. कुठेतरी पाणी मुरतंय.

साक्षीदार म्हणून यांना बोलावलं. यांची छत्तीस वर्षं नकाशा कार्यालयात नकाशे रंगवण्यात गेली, पण घरच्या भिंतीबद्दल मत विचारलं की यांची गाळण उडते.

"अहो, हे दोन रंग वेगळे आहेत?"

"हो."

"कशावरून?"

"म्हणजे... दिसतायत की."

"निळा कोणता?"

"डावा."

"तिथे चिठ्ठी आहे म्हणून म्हणताय."

"चिठ्ठी नसती तरी..."

"तरी काय? डावा उजव्यापेक्षा निळा आहे असं शपथेवर सांगाल?"

"अगं, भिंतीच्या रंगात शपथ कसली?"

"म्हणजे खात्री नाही."

हे चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तू म्हणशील तसं."

साक्षीदार तीन मिनिटांत कोसळला. ज्याला सत्य माहीत आहे तो असा कोसळेल का? मी तरी कोसळले नसते.

सोमवार, १०

मी सापळा लावला होता. काल सुट्टी होती, रंगारी येणार नव्हता. मी दोन्ही चिठ्ठ्या अलगद काढून त्यांची अदलाबदल केली, 'राखाडी' डावीकडे आणि 'निळा' उजवीकडे. चौकोन खरोखर वेगळे असतील तर आल्याआल्या बोंब मारेल आणि एकाच डब्यातले असतील तर त्याला कळणारही नाही. मी दाराआड वर्तमानपत्र धरून बसले.

आज तो आला, छताच्या भेगांत लांबी भरायला शिडी लावली, भिंतीकडे एकदा पाहिलं, खाली उतरला, चिठ्ठ्या काढून पुन्हा होत्या तशा चिकटवल्या आणि वर चढला. शब्द नाही, चेहऱ्यावर रेघ नाही.

मी सर्द झाले. मला वाटलं होतं त्याहून हा माणूस पुढचा आहे. चिठ्ठ्यांच्या जागेवर त्याने नक्कीच काही खूण केलेली असणार. दोन रंग एकच असताना एका नजरेत अदलाबदल ओळखण्याचा दुसरा मार्गच नाही. आणि प्रामाणिक माणूस निदान "बाई, चिठ्ठ्या कुणी हलवल्या?" असं विचारेल. याने विचारलं नाही, कारण प्रश्न विचारला की पुढचा प्रश्न येतो.

भिंतीवर बोट फिरवून खूण शोधली. सापडली नाही. खूण चांगलीच असली पाहिजे.

गुरुवार, १३

इस्त्रीवाल्याने पुन्हा चादरी पिवळट करून आणल्या. विचारलं तर म्हणतो, "बाई, दुधासारख्या आहेत." दूधवाल्याबद्दलही मला बोलायचंच आहे.

जिन्यातला नवा दिवा निकृष्ट आहे. त्याच्याभोवती झालरीसारखं कडं दिसतं, उजेड मात्र पायरीवर पडत नाही. सचिवांनी आणला होता. त्यांनाही विचारलं पाहिजे.

हे सकाळी कपाटापाशी उभे राहून मोजे बदलत होते. मी काढून दिलेले का नकोत, विचारलं, तर म्हणाले, "एक काळा होता आणि एक निळा." मला दोन्ही काळेच दिसले होते. नकाशेवाल्यांना उगाच बारकावे काढायची सवय असते.

ठरवलं आहे. रविवारी सगळ्या घरांची सभा आमच्याच खोलीत घ्यायची. पुरावा जिथे आहे तिथेच खटला चालावा.

रविवार, १६

अकरा घरं, अकरा माणसं. रंगाऱ्यालाही मुद्दाम बोलावलं. कुणाच्या पाठीमागे आरोप करणं मला मान्य नाही. तो दारात उभा राहिला, खुर्ची दिली तरी बसला नाही.

मी वीस मिनिटं बोलले. फार दिवसांनी असं बोलले. म्हटलं, प्रश्न एका भिंतीचा नाही. जो माणूस हातभर चौकोनात आपल्याला फसवतो, तो चार मजल्यांच्या जिन्यात काय करील? म्हटलं, फसवणारा एकटा कधीच यशस्वी होत नाही, त्याला गप्प बसणारे लागतात. आपण किती दिवस गप्प बसणार? म्हटलं, आपल्याला डोळे दिलेत ते कशासाठी? बघा! ही भिंत तुमच्यासमोर आहे, स्वतःच्या डोळ्यांनी बघा, आणि सांगा, यात दोन रंग आहेत?

"बाई," रंगारी दारातून म्हणाला, "दोन वेगळे आहेत. सगळे बघतायत."

"मग सगळ्यांनाच विचारू," मी म्हटलं.

तळमजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, "हा डावा जरासा..." मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "नाही, माझं काही नाही. तुम्ही चालू द्या." मग सचिव उठले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या बाजूने उठले. म्हणाले, "मला तर काडीचा फरक दिसत नाही." त्यांनी म्हटल्यावर बाकीच्यांच्या माना हलल्या. एकेक करून सगळ्या. हे खिडकीबाहेर बघत होते.

रंगाऱ्याने भिंतीला टेकवलेली शिडी उचलली. दारात थांबून म्हणाला, "बाई, तुम्ही एकदा डॉक्टरकडे जाऊन या."

म्हणजे मला वेड लागलं! अकरा माणसांसमोर! सचिवांनी त्याला खडसावलं आणि जिन्याचं काम दुसऱ्या कुणाला द्यावं असा ठराव तिथल्या तिथे मांडला. रंगकाम करणारा त्यांच्या पत्नीचा भाऊ सुदैवाने मोकळाच आहे. ठराव एकमताने मंजूर. न्यायाची चाड असली की अडचणी कशा सुटत जातात, हे आज दिसलं.

सोमवार, १७

शेजारच्या इमारतीच्या व्यवस्थापकांचा फोन आला. तिथलं मोठं काम पुढच्या महिन्यात याच रंगाऱ्याला द्यायचं ठरलं होतं. कानावर काहीतरी आलं म्हणून विचारत होते. मी सगळं स्पष्ट सांगितलं. सावध करणं हे कर्तव्य असतं.

यांचं काहीतरी बिनसलं आहे. दोन घास खाऊन उठले आणि त्या चौकोनांसमोर जाऊन उभे राहिले.

"काय बघताय?"

"काही नाही."

"बोला ना, मनात आहे ते."

"काल बोललो असतो तर उपयोग होता," म्हणाले आणि फिरायला निघून गेले. हे रंगाऱ्याला आधीपासून ओळखत तर नसतील?

शनिवार, २२

जिन्यात शेवटची पायरी चुकले. पडले नाही, कठड्याने वाचवलं. त्या भिकार दिव्याचा प्रताप. पण मग मनात आलं, की दिवा, वर्तमानपत्र, शेड कार्ड आणि चादरी यांत समान काय आहे? माझा चष्मा! चष्मेवाल्यानेच गेल्या वर्षी काचा निकृष्ट घातल्या असणार.

तशीच दुकानात गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्याला जाब विचारला. त्याने काचा तपासल्या, माझ्या डोळ्यांत बॅटरी मारली. म्हणाला, "काच उत्तम आहे, बाई. मोतीबिंदू वाटतोय, दोन्हीकडे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा." एका डॉक्टरांचं नाव लगेच कागदावर लिहून दिलं. लगेच! नाव तयारच होतं. यांची आपापसात साखळी असते.

मंगळवार, २५

त्या डॉक्टरांकडे गेले. दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू आहे, म्हणाले. चष्मेवाल्याने पाठवलं, ते दुसरं काय म्हणणार?

शुक्रवार, २८

आज गावाच्या दुसऱ्या टोकाला एका डॉक्टरीणबाईंकडे गेले. चष्मेवाल्याला माहीत नाहीत, त्या डॉक्टरांना माहीत नाहीत, कुणालाच सांगितलं नाही. कागदपत्रं नेली नाहीत, आधीचं काही बोलले नाही. नुसतं म्हटलं, तपासा.

त्याही तेच म्हणाल्या. वर सांगितलं, "आतलं भिंग पिवळं होत होत आता तपकिरी पडलंय. तुम्ही वर्षानुवर्षं तपकिरी काचेतून बघताय म्हणा ना. हळूहळू होतं, म्हणून कळत नाही. निळा तर तुम्हाला नीट दिसतच नसणार."

मी ऑपरेशनची तारीख विचारली आणि विषय बदलला.

त्या वाक्याचा भिंतीशी काही संबंध नाही. रंग वेगळे असते तर थोडे तरी वेगळे दिसलेच असते. थोडे तरी.

शनिवार, ६

काल उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आज पट्टी काढली. डाव्याचं पुढच्या महिन्यात.

पहिली दिसली ती डॉक्टरीणबाईंच्या कोटाची बाही. इतका पांढरा रंग मी कधी पाहिला होता ते आठवेना. मग खाटेवरची चादर. मग माझे स्वतःचे केस. इस्त्रीवाला निर्दोष आहे. दूधवालाही बहुधा.

काळा चष्मा लावून यांच्याबरोबर घरी आले, दार उघडलं, पडदा सारला, चष्मा काढला.

डावा चौकोन निळा आहे. स्वच्छ, फिका, निळा. उजवा राखाडी.

उजवा डोळा हाताने झाकला. दोन्ही सारखे, मळकट. हात काढला. निळा आणि राखाडी. पुन्हा झाकला. वीस वेळा तरी केलं असेल. भिंत तीच, खिडकी तीच, ऊन तेच. माणूसही एकच. आणि त्या माणसाच्या दोन डोळ्यांच्या दोन साक्षी.

चिठ्ठ्यांखाली खूण नव्हती. तो नुसता रंग बघून उतरला होता.

हे मागे उभे होते. विचारलं, "तुम्हाला पहिल्या दिवसापासून दिसत होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं होतं. तू शपथ मागितलीस."

सोमवार, ८

तळमजल्यावरच्या मावशींकडे गेले. मला समजून घ्यायचं होतं. मी सोडून दहा माणसं, त्यांतल्या कुणाला मोतीबिंदू नाही. म्हटलं, "मावशी, तुम्हाला डावा निळा दिसत होता ना?"

"दिसत होता की."

"मग मान का हलवलीत?"

मावशी शेंगा सोलत होत्या, हात थांबवला नाही. "खरं सांगू? राग नाही ना यायचा? बाई, तुम्ही बोलायला लागलात की भिंतीकडे बघतंय कोण? मला तर वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. बाई एवढं बोलतात म्हणजे असणारच एकच रंग."

"आणि सचिव?"

"त्यांना मेहुण्याला काम लावायचं होतं. ते सगळ्यांना ठाऊक होतं. तुम्हाला नव्हतं?"

मला नव्हतं. इस्त्रीवाला, दूधवाला, दिवा, छापखाना, चष्मेवाला आणि एक डॉक्टर, या सगळ्यांवर माझा संशय होता. जो एक माणूस खरोखर डाव खेळत होता त्याच्याबद्दल मी याच वहीत 'न्यायाची चाड' असं लिहिलं आहे. आताच पान उलटून पाहिलं. माझंच अक्षर.

बुधवार, १०

रंगाऱ्याचा पत्ता शोधत तिसऱ्या गल्लीत गेले. एका बंद दुकानाच्या लोखंडी शटरला रंग देत होता. जिना गेला, शेजारची इमारत गेली, हे शटर राहिलं.

वाटेत मी सगळं मनात जुळवलं होतं. सुरुवात, तीन मुद्दे, समारोप. त्याच्यासमोर उभी राहिले आणि फक्त "माझं चुकलं" एवढंच निघालं.

तो ब्रश चालवतच राहिला. "डॉक्टरकडे गेलात?"

"गेले. तुम्ही मला वेडी म्हणताय असं वाटलं होतं."

"माझ्या बापाचंही असंच झालं होतं. तोपण रंगारीच. हिरव्याला पिवळा म्हणून भांडायचा." शटरची एक पट्टी त्याने पुरी केली. "तिथे सांगायला पाहिजे होतं मी नीट. पण तुमच्यापुढे बोलायचं म्हणजे..."

"मी माफी मागायला आले आहे."

"मागितलीत की. पण मला सांगून काय होणार, बाई? दोन रंग आहेत हे मला माहीतच होतं." आता त्याने ब्रश डब्यावर आडवा ठेवला. "ज्यांच्यासमोर बोललात त्यांच्यासमोर बोला. आणि शेजारच्या इमारतीत फोनवर नको. तिथे स्वतः जा."

रविवार, १४

सभा. तीच खोली, तीच अकरा माणसं.

चार वाक्यं बोलले. चौकोन दोन रंगांचे आहेत. मला दिसत नव्हते. मी एका प्रामाणिक माणसाला खोटं ठरवलं. जिन्याचे उरलेले दोन मजले त्याला द्यावेत असं मला वाटतं.

आणि सगळ्यांच्या माना हलल्या! एकेक करून, तशाच, त्याच क्रमाने. "हो हो, वेगळेच आहेत." "उघड निळा आहे." "मला तेव्हाच वाटलं होतं." मागच्या वेळी याच माना बघून मला विजय वाटला होता. मी भिंत हिरवी आहे म्हटलं असतं तर?

मी म्हटलं, माना नकोत. कागद घ्या, दुमडून टाका, नाव लिहू नका. आणि मी खोलीबाहेर जाते.

"अध्यक्षा बाहेर कशा?" सचिव म्हणाले. "नियमात बसत नाही. आणि दोन मजले झालेत, आता मध्येच माणूस बदलायचा?"

"मी आत असले तर अकरा मतं नसतात, सचिव, एकच असतं. आणि तुमच्या मेहुण्याचा विषय आहे, तेव्हा तुम्हीही माझ्याबरोबर बाहेर चला."

मावशी तोंडाला पदर लावून हसल्या. आम्ही दोघं जिन्यात उभे राहिलो. मेहुण्याने रंगवलेली भिंत समोर होती. लांबी घासलीच नव्हती, उजव्या डोळ्याला एकेक उंचवटा मोजता येत होता.

नऊ कागद. सहा बाजूने, तीन विरुद्ध. तीन विरुद्ध! ते तीन कागद मी कितीतरी वेळ हातात धरून ठेवले. कुणाचे ते शोधणार नाही.

संध्याकाळी शेजारच्या इमारतीत गेले. व्यवस्थापकांनी चहा विचारला, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "आता काम दुसऱ्याला देऊन टाकलं, बाई. पुढच्या वेळी बघू." ते काम गेलं ते गेलंच. माझ्या एका फोनने गेलं. हे मी रंगाऱ्याला जाऊन सांगितलं. तो "बरं" म्हणाला. त्या 'बरं'मध्ये काय होतं ते मला कळलं नाही, आणि कळलं असं इथे लिहिणार नाही.

सोमवार, २९

डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावरच रंगाऱ्याला घरी बोलावलं. येईल की नाही याची खात्री नव्हती. आला. जमिनीवर चादर पसरली, दोन्ही चौकोन पॉलिश पेपरने घासले, आणि दोन झाकणबंद डबे पुढ्यात ठेवून माझ्याकडे पाहिलं. "कोणता?"

मला निळा हवा आहे. वर्षानुवर्षं हरवलेला रंग परत मिळाला आहे, तो चारी भिंतींवर हवा आहे. निळ्याच्या बाजूने माझ्याकडे सहा मुद्दे तयार होते.

मी यांना विचारलं, "अहो, तुम्हाला कोणता आवडतो?"

"तुला कोणता?"

"ते सांगणार नाही."

हे संशयाने माझ्याकडे बघायला लागले. बघणारच. चाळीस वर्षांत असा प्रश्न आला नव्हता, यात काहीतरी सापळा आहे असंच त्यांना वाटलं असणार. रंगारी हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन झाकणाशी थांबला होता. गप्प बसायला किती कष्ट पडतात, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

"राखाडी," हे म्हणाले. मग जरा मोठ्याने, "राखाडीच. नकाशांवर आयुष्यभर समुद्र रंगवले. निळा पुरे झाला मला."

रंगाऱ्याने पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"ते म्हणाले ना," मी म्हटलं.

दुपारपर्यंत दोन भिंती झाल्या. हे तीन वेळा खुर्ची हलवून वेगवेगळ्या कोपऱ्यांतून बघून आले, आणि रंगाऱ्याशी कितीतरी वेळ बोलत बसले, आपण होऊन. राखाडी मला अजिबात आवडलेला नाही. हे मी फक्त इथे लिहिते आहे.